मोबाईलवरचं समुपदेशन: जागा, रेंज आणि मधेच कट झालेला कॉल

मी केळीची पिकअप चालवतो. गाव जळगाव जिल्ह्यात, सावद्याजवळ. कटाईच्या बागेतून माल उचलायचा आणि पॅकिंगला नाहीतर बऱ्हाणपूरला नेऊन टाकायचा, हा धंदा. 2022च्या दिवाळीनंतर एका रात्री, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, पुलाच्या उताराला उसाची ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मी वाचलो. माझा क्लीनर, ज्याला आम्ही बारक्या म्हणायचो, तो गेला. पुढचं इथे सांगत नाही. तुम्हीही तुमचं पहिल्याच दिवशी सगळं कोणाला सांगू नका, त्याचं कारण पुढे येईल.

त्यानंतर मी जवळपास सव्वा वर्ष मोबाईलवर काउन्सेलिंग घेतलं. आता ओळखीतली माणसं विचारतात, भो, ते फोनवरचं कसं असतं, आमच्या पोराला चालेल का? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो. मी डॉक्टर नाही. ज्या गोष्टी मला आधी कोणी सांगितल्या असत्या तर त्रास वाचला असता, त्याच लिहितो.

आधी हे बघा की तुम्हाला झालंय काय. असं काही घडलं की पंधरा-वीस दिवस झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांपुढे येणं हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप निवळतं. महिना उलटला आणि तरी ते तसंच आहे किंवा वाढतंय, तर मग थांबू नये. माझं निवळलं नाही. मला केळीचा चीक नाकात गेला की पोटात गोळा यायचा. आता रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या वासापासून माणूस पळून जाणार कुठे? घराच्या मागे पिलबाग, समोर कांदेबाग, दोन्ही केळीच्याच. माय म्हणाली, नजर लागली. उतारा झाला, एका बाबाकडे नेऊन आणलं. मायवर राग नाही, तिच्याजवळ जे होतं ते तिने केलं.

पहिला फोन कुठे करायचा

14416. ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, 10 ऑक्टोबर 2022ला सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. मी रात्री तीनला लावला होता, ओट्यावर बसून. पलीकडच्या बाईंनी अपघाताचं काही विचारलं नाही. विचारलं, "आत्ता कुठे बसलात? जवळ कोण आहे? पाणी प्यालात का?" मला त्या वेळी राग आला होता, की मी एवढा मेलोय आणि ही पाणी विचारते. पाणी पिऊन आलो तेव्हा आवाज ठिकाणावर आला होता.

पण ही लाइन म्हणजे आग लागल्यावरचा बंब आहे असं धरा. रोज फोन केला तर दर वेळी तोच आवाज मिळेल असं नसतं, आणि अशा दुखण्याला तोच माणूस दर आठवड्याला लागतो. त्यांनीच मला सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जायला सांगितलं. एकदा समोरासमोर डॉक्टरला दाखवा, हे मीही सांगेन. झोपेचं, गोळ्यांचं, आणखी काही आजार आहे का याचं काम तिथे होतं. माझ्या कागदावर त्यांनी पीटीएसडी लिहिलं, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार. नाव मिळाल्याने मला उलट बरं वाटलं. मी वेडा नव्हतो, आजारी होतो.

मग दर आठवड्याला बोलायला माणूस शोधला. इथे मी एकदा फसलो, म्हणून जरा थांबून सांगतो. पहिला जो मिळाला तो ओळखीतून मिळाला. व्हिडिओ कॉलवर त्याने पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, "नेमकं काय दिसलं, सगळं सांगा, मोकळे व्हा." मी सांगितलं. सगळं. तो म्हणाला, "देवाची इच्छा, आता पॉझिटिव्ह विचार करा." वीस भेटींचे पैसे आधी भरले तर सवलत होती. त्यानंतर तीन रात्री मी भिंतीला पाठ लावून बसून काढल्या.

नाव कशाला घ्यायचं? पण त्यातून शिकलो ते असं. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचार शिकलेला डॉक्टर, गोळ्या तोच लिहितो आणि चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक असायला हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर मागा, नोंद तपासता येते. नुसत्या 'समुपदेशक' या पाटीला मात्र तसं कुलूप नाही, चांगलेही आहेत आणि कसेही आहेत. म्हणून सरळ विचारा: शिक्षण काय? आघातातून आलेल्या लोकांबरोबर आधी काम केलंय का? कोणत्या पद्धतीने? कॉल रेकॉर्ड होतो का? माझा जीव धोक्यात आहे असं वाटलं तर तुम्ही कोणाला फोन कराल? शेवटच्या प्रश्नाला जो अडखळतो त्याला सोडा. चांगला माणूस तर हा प्रश्न तोच आधी विचारतो आणि घरच्या एकाचा नंबर लिहून घेतो.

मला पुढे नाशिकच्या एक ताई मिळाल्या. पन्नास मिनिटांचे आठशे रुपये. आमच्या भागात एका दिवसाच्या मजुरीपेक्षा ते जास्त होतं, मी सांगितलं तर त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा आणि मधल्या आठवड्यात गृहपाठ असं बसवून दिलं. सांगायला लाजू नका. पैशाचं न सांगता गायब होणारे खूप असतात, असं त्याच म्हणाल्या.

जागा

हे सगळ्यांना किरकोळ वाटतं. मी म्हणतो, अर्धं काम जागेचं आहे.

घरात माय, बायको, दोन पोरं, आणि भिंतीपलीकडे चुलता. बोलायला एकांत नाही. मग मला वाटलं, आपली गाडी आहे ना, केबिनमध्ये बसू, काचा वर करू. पहिला कॉल तिथेच केला. गाडी उभी, किल्ली काढलेली. पाच मिनिटांनी ताई म्हणाल्या, "दादा, तुमचा उजवा पाय कुठे आहे?" मी खाली पाहिलं. ब्रेकवर. नुसता ठेवलेला नाही, दाबलेला. पिंडरी दगड झालेली. त्यांना स्क्रीनवर माझा पाय दिसत नव्हता, खांदा दिसत होता, त्यावरून ओळखलं. म्हणजे जिथे आघाताची खूण आहे तिथे बसून आघाताचं काम सुरू करू नका. अपघातवाल्याने गाडीत बसू नये, जळालेल्या घराच्या माणसाने त्या घरात बसू नये, मारहाण झालेल्या बाईने त्या खोलीत बसू नये.

दुसरी जागा गच्चीवरची पत्र्याची खोली. थंडीत ठीक होती. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा चव्वेचाळीसला टेकतो, मोबाईल तापून बंद पडायचा. मी रडत होतो की घाम पुसत होतो, ते मलाही कळत नव्हतं.

तिसरी टिकली: शेतातली मोटारीची खोली, दाराशी कडुलिंब. रेंज चांगली. फक्त थ्री फेज आली की मोटार घोंगावते आणि काही ऐकू येत नाही. आमच्याकडे शेतीची लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी पाळीने असते, म्हणून मी महिन्याचं वेळापत्रक बघून ताईंची वेळ घ्यायचो. त्या हसायच्या. म्हणायच्या, महावितरणला विचारून येणारे तुम्ही माझे पहिलेच.

बसताना पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे ठेवा. वायरवाला हेडफोन घ्या, आणि सुरुवातीला एकच कान भरा. दोन्ही कान बंद केले की मागे कोणी आलं तर कळत नाही, आणि आपलं मन आधीच पहाऱ्यावर असतं. एक कान उघडा ठेवला की ते पहारा थोडा ढिला करतं. जवळ पाण्याची बाटली आणि हातात धरायला काहीतरी खरखरीत. मी कडुलिंबाची काडी धरायचो. निंबोळ्यांच्या दिवसांत निंबोळ्या.

आणखी एक. व्हिडिओत कोपऱ्यात आपलाच चेहरा दिसतो. माझ्या कपाळावर टाके आहेत, माझी नजर तिथेच जायची. ॲपमध्ये स्वतःचं चित्र लपवायची सोय असते, पण मला ती तेव्हा सापडली नाही. खोक्यावर लावायचं केळीचं स्टिकर त्या कोपऱ्यावर चिकटवलं. वर्षभर तेच होतं.

काय बोलायचं, काय नाही

पहिल्या पाच-सहा भेटी ताईंनी मला अपघाताकडे जाऊच दिलं नाही. मला वाटलं, पैसे वाया. काम चाललं होतं शरीराचं: श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावायचा. डोळ्यांना दिसणाऱ्या पाच गोष्टी मोजायच्या, मग हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. रोज, बरं असताना करायचं. बुडताना कोणी पोहायला शिकत नाही. वासाच्या दोन गोष्टींना माझी पंचाईत व्हायची, कारण पहिला वास चिकाचाच. मग खिशात ओवा ठेवायला लागलो.

भाषेचं तर नक्की लक्षात ठेवा. मी त्यांच्याशी शाळेतल्या निबंधासारखं बोलत होतो. "वाहनाची धडक झाली, सहकारी मृत्युमुखी पडला." पेपरातली बातमी वाचावी तसं. एक दिवस त्या म्हणाल्या, "दादा, घरी आईशी बोलता तसं बोला. मला नाही कळलं तर मी विचारेन." मी गप्प राहिलो. मग म्हणालो, "मले त्याचा आवाज आला ना ताई." एवढंच. आणि घसा बंद. चार महिन्यांत पहिल्यांदा.

पुढच्या भेटीत त्यांनी विचारलं, "चीक म्हणजे नेमकं काय?" नाशिकच्या बाईला द्राक्षं माहीत, केळीचं कसं कळणार? मी समजावत बसलो. दांड्याला कोयता लागला की पाण्यासारखा गळतो, बोटांना चिकटतो, शर्टावर पडला तर आधी दिसतही नाही, सुकला की तपकिरी-काळा डाग, मग कितीही घासा. केळीवाल्यांचे कपडे म्हणूनच वेगळे असतात. बारक्याच्या एका शर्टाला खिशावर असा डाग होता, भारताच्या नकाशासारखा. मी बोलत होतो आणि त्या मधूनमधून विचारत होत्या. संपल्यावर त्या म्हणाल्या, "घड्याळ बघा." अर्धा तास झाला होता. मी त्या वासाजवळ अर्धा तास बसलो होतो आणि उठून पळालो नव्हतो.

म्हणून माझं म्हणणं: आपल्या बोलीत बोलू देणारा माणूस शोधा. अहिराणी असो, लेवा बोली असो, पावरी असो. त्याला ती येत नसेल तरी चालेल, विचारायची तयारी हवी.

नंतर खऱ्या आठवणीचं काम झालं. याच्या दोन पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने 2013च्या मार्गदर्शनात सुचवल्या आहेत: आघातावर बेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलत नेणारी बोलण्याची पद्धत, आणि ईएमडीआर. दुसरी फ्रान्सीन शापिरो या अमेरिकन बाईंनी 1987मध्ये काढली. आठवण थोडी मनात धरायची आणि त्याच वेळी डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. व्हिडिओवर डोळ्यांऐवजी मी फुलपाखरू करायचो: दोन्ही हात छातीवर आडवे, बोटं खांद्याखाली, एकदा डावी थाप, एकदा उजवी. मेक्सिकोत चक्रीवादळातून वाचलेल्या मुलांबरोबर 1998मध्ये ही थाप पहिल्यांदा वापरली गेली, असं ताईंनी सांगितलं. मोटारीच्या खोलीत बसून मी स्वतःला थापटतोय, असं कोणी पाहिलं असतं तर गावात दोन दिवस चर्चा झाली असती. नुसती थाप शांत व्हायला कधीही करा, पण आठवण उघडून हे एकट्याने यूट्यूब बघून करू नका. उघडणं सोपं असतं. मिटायला माणूस लागतो.

कॉल कट झाला तर

होणारच. हे आधी ठरवा, पहिल्याच भेटीत.

आम्ही ठरवलं नव्हतं. मी बारक्याच्या चपलेपर्यंत आलो होतो. एकच चप्पल. आणि स्क्रीन थांबली. ताईंचं तोंड अर्धं उघडं, तसंच. लाइट गेली होती, टॉवरही गेला असावा. बावीस मिनिटं. मी बाहेर आलो तर केळीची पानं वाऱ्याने फाटल्यासारखी वाजत होती, आणि मी परत त्या रस्त्यावर होतो. बायको डबा घेऊन आली म्हणून सावरलो.

त्यानंतर नियम झाले. कट झालं तर फोन त्या करतील, मी नाही, म्हणजे दोघांचे फोन एकमेकांना बिझी लागत नाहीत. व्हिडिओ नाही, साधा कॉल. पाच मिनिटांत नाही आला तर मी पाय गार पाण्याने धुवायचे, पाटात उभं राहायचं आणि बायकोला फोन करून काहीही विचारायचं, भाजी काय केली हेसुद्धा. बायकोला माहीत होतं की असा फोन आला की फक्त बोलत राहायचं. जड आठवणीचं काम भेटीच्या पहिल्या अर्ध्या तासातच करायचं आणि शेवटची पंधरा मिनिटं मिटायला ठेवायची, हाही त्यातलाच नियम. वायफायवर विसंबू नका, लाइट गेली की राउटर गेला. मोबाईलचा डेटा शिल्लक ठेवा, त्या दिवशी पोरांना रील बघू देऊ नका.

भेट संपल्यावर लगेच गाडी चालवायची नाही. मी तासभर ठेवायचो. गुरांना चारा टाकायचा, मग घरी दादर ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. तोंडाला झणझणीत लागलं की माणूस आजच्या दिवसात येतो. घरात कोणी काय बोललास विचारायचं नाही, मी दोनच शब्द सांगायचे: आज जड, किंवा आज बरं.

बायांसाठी वेगळं

माझी चुलत बहीण धुळ्याकडे दिलेली. तिचं दुखणं घरातलंच, आणि मोबाईल नवरा तपासतो. तिने मला विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे अर्धे सल्ले तिच्या कामाचे नाहीत. तिला कडुलिंबाखाली जाता येत नाही.

तिने जे जमवलं ते असं. कॉल बचत गटातल्या मैत्रिणीच्या फोनवरून, तिच्याच घरी, पापडाच्या निमित्ताने. समुपदेशक ताईंबरोबर एक वाक्य ठरलेलं: "पीठ सैल झालं." हे म्हटलं की पलीकडून लगेच गटाच्या हप्त्याची चर्चा सुरू. नंबर कोणत्याही नावाने सेव्ह नाही, पाठ केलेला. लेखी मेसेज नाही. आणि एक गोष्ट तिला अनुभवाने कळली: पैसे बँक खात्यातून पाठवले तर बँकेचा मेसेज नवऱ्याच्या मोबाईलवर जातो, खात्याला नंबर त्याचा. एकदा त्यावरून घरात वाद झाला. मग पैसे मी भरायला लागलो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की लांबलचक भेटी उरकून घ्यायची. मारहाण चालू असेल तर आधी सुरक्षित होणं, आठवणींचं काम नंतर. 181 ही महिलांची हेल्पलाइन, जीवावर बेतलं तर 112.

फोन पुरणार नाही तेव्हा

मरायचे विचार नुसते येत नाहीत तर कसं करायचं हेही ठरायला लागलंय, दारू रोजची झालीय, किंवा बराच वेळ आपण कुठे आहोत हेच कळत नाही, तर मोबाईल बाजूला. सोबत माणूस घ्या आणि सरकारी रुग्णालयात जा. लोक सांगायला घाबरतात की पोलीस केस होईल. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 115 आहे, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस मोठ्या ताणाखाली होता असंच धरायचं, शिक्षेचं बघायचं नाही. नुसतं समुपदेशकाला सांगितल्याने तर काहीच केस होत नाही, मदत येते.

दुसरी बाजूही सांगतो. फोनवरचं काउन्सेलिंग मला सोयीचं होतं कारण रस्त्याला लागायला नको. सहाव्या महिन्यात ताईंनी त्यावरच बोट ठेवलं. "दादा, हा फोन तुम्हाला बरं करतोय की लपवतोय?" त्यानंतर गृहपाठ रस्त्याचा झाला. आधी दिवसा, मागच्या सीटवर. मग दिवसा, पुढे. मग स्वतः, पुलाच्या अलीकडे थांबून परत. पूल ओलांडायला पाच आठवडे लागले, रात्री ओलांडायला आणखी तीन महिने. फोन कानाला लावून नाही, हे वेगळं सांगायला नको.

अपघाताचा दावा कोर्टात चालू असेल तर तारखा समुपदेशकाला आधी कळवा. साक्षीत तेच सगळं वकिलापुढे क्रमाने सांगावं लागतं, आणि वकील चीक म्हणजे काय असं विचारत थांबत नाही. मी आदल्या दिवशी एक भेट आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाची एक, अशी ठेवली होती. त्या तारखेला बारक्याचा बापही आला होता. आम्ही दोघं बाहेर चहा प्यालो, बोललो नाही फारसं.

बंद करताना एकदम बंद करू नका. आमचं पंधरा दिवसांचं महिन्यावर गेलं, मग दोन महिन्यांवर. पुढची भेट मृगबागेची, म्हणजे जून-जुलैच्या केळीची, लागवड आटोपली की ठेवलीय. त्या आठवड्यात दिवसा थ्री फेज असणार, म्हणून वेळ आधीच संध्याकाळची मागून घेतली.